गोदा-मांजरेकाठचा नाताळ

मार्गशीर्ष सरत आला की लातूरकडील शेतकऱ्यास येळवसेचे वेध लागतात. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. बोलीत ती येळवस. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. कडब्याची कोप उभारावयाची, तीत पांडवांची पूजा मांडावयाची आणि आल्यागेल्यास ज्वारीचे उंडे, भज्जी व मडक्यातील आंबील आग्रहाने वाढावयाची. तिकडे नांदेड जिल्ह्यात याच सुमारास माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, उंट, गाढवे, तमाशाचे फड व येळकोटाचा गजर यांनी तो माळ दुमदुमून जातो. गोदावरीच्या काठी सचखंड गुरुद्वारात गुरू गोविंदसिंगांच्या जयंतीची तयारीही बहुधा याच दिवसांत चालू असते.

या गर्दीच्या सणांच्या मधोमध डिसेंबरची पंचविसावी तारीख येते आणि नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या गल्लीत, कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून केलेली एक चांदणी दारावर लोंबू लागते. त्या गल्लीत तशी दुसरी चांदणी नसते. वांद्र्याचा किंवा वसईचा नाताळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा नाताळ कदाचित ओळखूही यावयाचा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात एक एवढेही भरत नाही. आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत तर ते त्याहून कितीतरी कमी आहे. सणाच्या पानावर आकडे द्यावयाचे नसतात, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या उपासनेविषयी आम्ही लिहीत आहोत तिचे सारे स्वरूपच या आकड्याने घडविले आहे, म्हणून तो आरंभीच सांगितला.

मोठ्या चर्चमध्ये माणूस उपासनेला जातो आणि गर्दीत बसून घरी येतो. छोट्या मंडळीत तसे होत नाही. पेटी वाजविणारा एकच असतो, आणि तो भाचीच्या लग्नाला परभणीस गेला की त्या रविवारी गीते टाळ्यांवर म्हणावी लागतात. कोण आले नाही हे धर्मगुरूस वेदीपाशी उभ्या उभ्या दिसते, आणि उपासना संपल्यावर कोणीतरी त्या घराकडे चौकशीला वळते. सतरंज्या अंथरणारा, शास्त्रपाठ वाचणारा, दानाची थैली फिरविणारा आणि शेवटी चपलांच्या गर्दीतून वाट काढीत म्हाताऱ्यांना पायऱ्या उतरविणारा, ही पुष्कळ वेळा एकाच घरातील माणसे असतात. अशा ठिकाणी उपासना ही ऐकावयाची गोष्ट राहत नाही. ती सर्वांनी मिळून उचलावयाची असते. एक खांदा कमी झाला की बाकीच्यांना वजन जाणवते.

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती समाजाच्या दोन परंपरा आहेत. कॅथलिकांच्या स्थानिक घटकास मराठीत धर्मग्राम म्हणतात. त्यांचा धर्मगुरू अविवाहित, त्यांची मुख्य उपासना मिस्सा. प्रॉटेस्टंटांची ती मंडळी. त्यांचा पाळक संसारी, आणि त्यांच्या उपासनेत उपदेशाला व गीतांना मोठे स्थान. उत्तर भारतातील सहा पंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र त्या ऐक्यातून बाहेर राहिले. म्हणून आजही त्यांची मंडळी वेगळी. पाटी वेगळी असली तरी नाताळच्या सकाळी एकमेकांच्या दारी जाण्यात हा भेद आड येत नाही. संख्या थोडी असल्याचा हा एक गुणच म्हणावयाचा.

ही मंडळी येथे आली कोठून, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला जातो. "तुम्ही केरळचे का?", "गोव्याचे का?" असे शेजारी सहज विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वावगेही नसते. उत्तर देणारा असतो गायकवाड, कांबळे नाहीतर वाघमारे. पणजोबा उदगीरच्या किंवा बिलोलीच्या शिवारात राबलेला. बोली अस्सल मराठवाडी. नाव तेवढे रूथ किंवा शमुवेल.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे अहमदनगरला १८३१ पासून जे मिशनकार्य चालले, त्याची झळ इकडे उशिरा आणि वेगवेगळ्या वाटांनी पोहोचली. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे आले. सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली, आणि मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते. कॅथलिकांचा आरंभ वैजापूर तालुक्यातील घोगरगावी १८९२ मध्ये फादर मरियन थॉमस यांच्या कामातून झाला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि बिदर हे अमेरिकन मेथडिस्टांचे जुने ठाणे. तेव्हा त्या बाजूच्या लोकांचा ओढा साहजिकच दक्षिणेकडे राहिला. कॅथलिकांचे हे सारे क्षेत्र प्रथम नागपूरच्या, १९५५ पासून अमरावतीच्या आणि १९७७ पासून औरंगाबादच्या धर्मप्रांतात आले. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. महागुरूंचे आसन तेथे, आणि नांदेड-लातूरचे धर्मग्राम त्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, धर्मप्रांताच्या दुसऱ्या टोकाला. महागुरू येणार म्हटले की वर्षातला तो मोठा दिवस ठरावा, हे ओघानेच आले.

दुसरी वाट आगगाडीची. निजामाच्या काळात हैदराबादेहून मनमाडकडे जाणारा मीटरगेज मार्ग नांदेडवरून टाकला गेला, तेव्हापासून रेल्वेच्या नोकरीत तेलुगू कुटुंबे नांदेड, मुदखेड, पूर्णा या स्थानकांवर येत राहिली. त्यांतील काही ख्रिस्ती होती. २००३ मध्ये नांदेडला दक्षिण मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय झाले आणि ही ये-जा आणखी वाढली. लातूरला बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये पोहोचली. पुढे १९२७ मध्ये तिचा रूळ पंढरपुरावरून मिरजेपर्यंत गेला, म्हणजे विठोबाचे वारकरी आणि मिरजेच्या मिशन इस्पितळाचे रोगी एकाच डब्यात बसू शकत होते. त्या गाडीची गती अशी की दोघांनाही एकमेकांची सुखदुःखे ऐकावयास भरपूर वेळ मिळाला असला पाहिजे!

या दोन वाटांनी आलेली माणसे रविवारी एका छपराखाली बसतात, आणि तेथून खरा प्रश्न सुरू होतो. प्रार्थना कोणत्या भाषेत करावयाची?

साठ वर्षांपूर्वी कॅथलिकांपुढे हा प्रश्न नव्हता. मिस्सा सर्वत्र लॅटिनमध्ये होत असे. ती साऱ्यांनाच सारखी न समजणारी. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडले आणि मराठवाड्यातील मिस्सा मराठी झाली. परंतु नांदेडसारख्या ठिकाणी लोकभाषा एक थोडीच आहे! स्थानिक कुटुंबे मराठी, रेल्वेतील तेलुगू, शाळेतील सिस्टर बहुधा मल्याळी किंवा मंगळूरकडील, बँकेत बदलून आलेला एखादा तमिळ, आणि शिक्षणासाठी आलेली नर्सिंगची मुले चार राज्यांची. सर्वांना कळेल म्हणून इंग्रजी धरावी, तर गावाकडून आलेल्या आजीबाई गप्प बसून राहतात. तेलुगू गीत घ्यावे, तर अर्धी मंडळी ओठ मिटून घेते.

आम्ही ज्या उपासनांना बसलो तेथे यावर एक समजुतीचा तोडगा निघालेला दिसला. तो कोणी ठराव करून काढलेला नव्हता. उपासनेचा कणा मराठी. मधे एखादे गीत तेलुगू, एखादे इंग्रजी. आणि शास्त्रपाठाचे वाचन पाळीपाळीने. केरळातून आलेल्या एका सिस्टर मराठीतून संदेष्ट्याचा पाठ वाचीत होत्या. 'ळ' त्यांना आमच्यापेक्षा चांगला येत होता; अडचण होती ती लिंगाची, आणि 'ते प्रकाश' म्हटल्यावर पुढच्या बाकावरची पोरे हसली. सिस्टरही हसल्या आणि पुढे वाचीत राहिल्या. परक्या प्रांतातील माणसे ज्या भाषेत धडपडत प्रार्थना करतात, ती भाषा या उपासनेत पाहुणी कशी म्हणावी? त्या छपराखाली सर्वांना जोडणारी, कोणाचीच पूर्णपणे मक्तेदारी नसलेली अशी एकच भाषा होती, आणि ती मराठी होती.

याच भाषेत ही मंडळी शंभर वर्षे गात आली आहे, ही गोष्ट आपल्या साहित्यप्रेमी वाचकांनाही फारशी ठाऊक नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये निवर्तले. त्या मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला ओवी, अभंग व कीर्तन यांचा घाट दिला. 'स्मृतिचित्रे'कर्त्या लक्ष्मीबाई आपणांस ठाऊक असतात; पण टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले, हे क्वचित सांगितले जाते. प्रॉटेस्टंट घरांतून 'उपासना संगीत' हा गीतसंग्रह पोथीसारखा जपलेला असतो. कापडात गुंडाळलेला, कडा बोटांनी काळवंडलेल्या. नांदेड-लातूरच्या उपासनेत पेटी, ढोलकी आणि खंजिरी यांवर ही पदे रंगू लागली की बाहेरून जाणाऱ्यास भजनाचाच भास व्हावा; आणि तो भास चुकीचाही नसतो.

जानेवारी २०२० मध्ये लातूरचे सख्खे शेजारी असलेल्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांजकडे होते. एका कॅथलिक धर्मगुरूस हा मान मिळाला यावर काहींनी आक्षेप घेतला, ते लोकशाहीत चालावयाचेच. पण 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस आजारी शरीराने मराठवाड्याच्या मातीत आला आणि मराठीविषयी बोलला, याचे अप्रूप या भागातील छोट्या मंडळ्यांना किती वाटले असेल, याची कल्पना बाहेरच्यांना येणे कठीण आहे. "तुम्ही कुठले?" या प्रश्नाला त्या तीन दिवसांत परस्पर उत्तर मिळाले होते. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

नाताळविषयी लिहितो आहोत, तरी सुगीच्या सणाचा उल्लेख टाळणे आम्हांस शक्य नाही. कारण छोट्या मंडळीचे अंतरंग पाहावयाचे असेल तर ते त्या दिवशी पाहावे. कोठे यास हंगामाचा सण म्हणतात, कोठे कापणीचा. पीक घरात आले की पहिला वाटा देवापुढे ठेवावयाचा, ही बायबलातील जुनी रीत. तिला मराठवाड्याच्या शेतीने आपला रंग दिला आहे. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडे, भोपळा, केळीचा घड, टोपलीत अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, असा संभार मांडलेला असतो. उपदेश रंगात आला की नेमकी ती कोंबडी ओरडते. ज्यांना शेत नाही ते घरातील काही आणतात. शिलाई करणारी बाई परकर शिवून आणते, दुसरी लोणच्याची बरणी.

उपासना संपली की लिलाव. पाळकाने नव्हे, मंडळीतील एखाद्या खणखणीत आवाजाच्या गृहस्थाने तो पुकारावयाचा. एक भोपळा दोनशे रुपयांस जातो. घेणारा तो पुन्हा देवाला अर्पण करतो. पुन्हा बोली होते, आणि तोच भोपळा चौथ्या वेळी एका विधवेच्या पिशवीत पडतो, तिच्याकडून कोणी पैसे मागत नाही. बाजारभावाचे सारे नियम येथे उलटे होतात. जमलेल्या पैशांतून पत्रे बदलावयाचे, दवाखान्यातील कोणाला हातभार लावावयाचा, पाळकाचा राहिलेला पगार पुरा करावयाचा. मग प्रीतिभोजन. एकाच पंगतीत अधिकारी आणि झाडूवाला, आणि वाढणारे तरुण संघाचे मुलगे, ज्यांतील निम्मे पुण्याहून दोन दिवसांच्या रजेवर आलेले असतात.

ही निम्मी मुले हाच मंडळीपुढील मोठा घोर आहे. येथे शिकावयाचे आणि नोकरीसाठी पुणे-हैदराबाद गाठावयाचे, हे सर्वच मराठवाड्याचे दुखणे. पण चाळीस घरांतून दहा मुले गेली तर गायनाचा संच उरत नाही. लग्नाचेही तसेच. या जिल्ह्यात सोयरीक जुळत नाही म्हणून जालना, अहिल्यानगर, सोलापूर येथपर्यंत शोध जातो. लग्न ठरले की सलग तीन रविवारी उपासनेत त्याचा पुकारा होतो, 'कोणाची हरकत असल्यास कळवावी'. आणि त्या आठवड्यात घरी हळदही वाजतगाजत लागते. पुकारा रोमचा आणि हळद मराठवाड्याची. दोन्हींशिवाय लग्न लागले असे आजीला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी ही माणसे हळू आवाजात बोलतात. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबे बहुसंख्येने पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेर आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. ज्या नांदेडात शीख, बौद्ध आणि ख्रिस्ती शेजारी शेजारी राहतात, तेथे हा भेद वृत्तपत्रात वाचावा लागत नाही. तो मुलाच्या प्रवेशअर्जावर दिसतो. वाड्यात सारखीच वागणूक मिळालेल्या दोन घरांपैकी एकास सवलत आणि एकास नाही, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. या एका रकान्यापायी काही घरांत कागदावरचा धर्म आणि रविवारचा धर्म निराळा झाला, हे सर्वांस ठाऊक असते. त्यांना नावे ठेवणारा आम्हांस त्या मंडळीत कोणी भेटला नाही.

असो. पुन्हा नाताळाकडे वळू. आगमनकाळाचे चार रविवार झाले की रात्री कॅरल पार्टी निघते. कंदील, ढोलकी आणि एक गिटार. शहर पसरलेले, घरे विखुरलेली. म्हणून एका रात्रीत सहा घरेदेखील होत नाहीत. एका घरी चहा, दुसऱ्या घरी रव्याचे लाडू, तिसऱ्या घरी थांबावयाचा आग्रह. घराघरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. दिवाळीचेच पदार्थ, दीड-दोन महिने उशिरा. केक आता आला आहे, पण तो मुलांसाठी. शेजारच्या दहा घरी ताटे जातात आणि ती ताटे रिकामी परत येत नाहीत. येळवसेच्या दिवशी याच शेजाऱ्यांच्या शेतावर ख्रिस्ती कुटुंबांना बोलावणे असते, आणि आंबिलीचे भांडे तोंडाला लावताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या जिल्ह्याचे हजारो उंबरे जमिनीत गाडले, तेव्हाही तो विचारला गेला नव्हता, अशी आठवण लातूरची वडीलधारी माणसे सांगतात.

चोवीस तारखेच्या रात्री गव्हाणी सजते. गवत खरे, कडबा खरा. मराठवाड्यात गोठ्याचा देखावा करण्यास बाजारातून काही आणावे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत १२ एप्रिलचा ईस्टर बंद दारांमागे गेला होता, दूरध्वनीच्या पडद्यावर धर्मगुरूचा चेहरा पाहत. ज्यांनी तो दिवस काढला त्यांना खांद्याला खांदा लावून बसण्याची किंमत कोणी सांगावयास नको.

नाताळाच्या आठवडाभर आधी एका घरी आम्ही बसलो होतो. आजी जमिनीवर, पाठीला भिंत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण 'उपासना संगीता'तील पदे त्यांना किती पाठ आहेत, याची मोजदाद घरात कोणी केलेली नाही. नात इंग्रजी शाळेत सातवीत. तिला वाचता सारे येते, फक्त देवनागरी जोडाक्षरांशी अडते. यंदा मध्यरात्रीच्या उपासनेत एक पद तिने एकटीने म्हणावयाचे ठरले होते. आजी एक ओळ गात, नात ती वहीत उतरवी. आम्ही वही मागून घेतली. डाव्या पानावर तेच पद रोमन अक्षरांत, घाईघाईने. उजव्या पानावर तेच देवनागरीत, खोडून, पुन्हा लिहून, काना-मात्रा वडिलांनी लाल शाईने दुरुस्त केलेले. आजीने विचारले, "झाले का ग लिहून?" नात म्हणाली, "एक कडवे राहिले आहे, आजी. जरा सावकाश म्हण."